बद्रीनाथ तात्यांचा वस्तरा

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर पुढचं वाचू नका. पण खाली येऊन 'मामा पिऊन पडला असेल' असलं काही लिहाल तर याद राखा. माझा मामा दारूला शिवत नाही. तंबाखू खातो, ती सुद्धा मामीच्या नजरेआड.

आणि भुतं रात्रीच येतात असं डोक्यात असेल तर तेही काढून टाका.

हे घडलं भर दुपारी.

२०१६ सालचा मे महिना. बीड जिल्हा, गेवराई तालुका. गावाचं नाव सांगणार नाही, कारण यातली निम्मी माणसं अजून जिवंत आहेत आणि निवडणुकीला उभी राहतात. उमापूर आमच्या बाजाराचं गाव, एवढ्यावर भागवा.

दुष्काळ कसा होता ते बीडच्या माणसाला सांगायला नको. जनावरं छावणीत आणि माणसं टँकरच्या मागं. टँकर आला की सासू-सुना, भाऊबंद, सोयरे, सगळे एकाच रांगेत भांडायचे. गोदावरीत पाणी नव्हतं, नुसती वाळू उडत होती.

माझा मामा शहादेव गावचा न्हावी. चौकात त्याचं सलून. गाळा पाणी संस्थेचा. गोदावरीचं पाणी उपसून गावात आणायचं म्हणून काढलेली ही सहकारी संस्था. संस्थेनं गाळे बांधले, कमान बांधली, चेअरमनसाठी खोली बांधली. पाणी तेवढं आणलं नाही. घरोघरी पाइप टाकून झाले होते, मामाच्या बेसिनलाही नळ बसवला होता. त्यातून आजवर थेंब आला नव्हता. मामा त्या नळावर टॉवेल वाळत घालायचा.

सलूनमध्ये हल्ली अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा चालतो. गिऱ्हाईक उठलं की ब्लेड फेकायचं. पण मामाचा जीव जुन्या वस्तऱ्यांवर. घडीचे, जाड पाठीचे, शिंगाच्या मुठीचे. आसपासच्या गावात कुणी म्हातारा न्हावी गेला की त्याची धोकटी, म्हणजे हत्यारांची कातडी पिशवी, माळ्यावर पडते. मामा ती मागून आणायचा. आतले गंजलेले वस्तरे साफ करायचा आणि शौकीन माणसांना द्यायचा.

त्यासाठी औरंगाबादहून मीच त्याला एक छोटं मशीन आणून दिलं होतं. पेनासारखं हातात धरायचं. टोकाला पितळी तारेचा बारका ब्रश गरगर फिरतो, नाहीतर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती लावायची. लोकांना वाटतं, मशीन लावलं की गंज गेला. तसं नसतं. घाई केली की पातं तापतं, आणि तापलं की पोलादाचं पाणी उतरतं. मग कितीही धार लावा, टिकत नाही. ब्रश कायम पाठीकडून धारेकडं न्यायचा. उलटा नेला तर धारेत अडकतो आणि वस्तरा उडून कुणाच्या तरी अंगावर जातो.

मामानं असे कितीतरी वस्तरे उजळले.

फक्त एकाला कधी हात लावला नाही.

तो वस्तरा बद्रीनाथ तात्यांचा.

बद्रीनाथ तात्या म्हणजे ही पाणी संस्था काढणारा पहिला माणूस. लांबसडक, काटक, शब्दाला पक्का. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी खाऊन गाव कसंबसं जगलं. तेव्हा तात्यांनी चावडीपुढं सांगितलं, "गावात पाणी आणीन तवाच दाढी करीन."

पाइप आले. तात्या नाचायचे बाकी राहिले. मग एका रात्रीत पाइप वरच्या शिवाराकडं, बड्या लोकांच्या शेतांकडं वळले आणि तिकडंच राहिले. तात्या हेलपाटे घालत राहिले. दाढी छातीपर्यंत आली. त्या दाढीसकट माणूस गेला.

आमच्या गावात म्हातारं माणूस गेलं की आंघोळ घालायच्या आधी न्हावी त्याच्या तोंडावरून वस्तरा फिरवतो. तेव्हा न्हावी होते माझे आजोबा, मामाचे वडील, आश्रुबा. तात्यांची दाढी करायला आजोबांनी साफ नकार दिला. भाऊबंद अंगावर धावून आले.

आजोबा म्हणाले, "शब्द अर्धा राहिलाय. अर्ध्या शब्दावर मी वस्तरा चालवत नसतो."

जुन्या बलुत्याच्या काळात मोठ्या घरांचा वस्तरा वेगळा असायचा. आजोबा लिंबाखाली बसून तो कातडी पट्ट्यावर घासायचे. आवाज ऐकला की त्या घरचा माणूस समजायचा, आपल्याला बोलावणं आलं. तो येऊन बसायचा.

तात्यांचा वस्तरा आजोबांनी फडक्यात गुंडाळला आणि मामाला बजावलं, "ह्याला धार लावशील त्या दिवशी तात्या बसायला येतील. पाणी आल्याबिगर बोलवू नको."

मामानं ते ऐकलं आणि सोडून दिलं. म्हाताऱ्यांची बोलणी, दुसरं काय?

तर, २०१६.

संस्थेचे चेअरमन सर्जेराव आबा. त्यांनीही दोन वर्षांपूर्वी तात्यांसारखीच शपथ घेतली होती. नळाला पाणी येईपर्यंत दाढी करणार नाही. फरक एवढाच, की ह्यांच्या दाढीला रोज तेल लागायचं. फोटोत झकास दिसायची.

मेमध्ये एक दिवस आबा सलूनमध्ये आले आणि खुर्चीत ऐसपैस बसले.

"शहादेव, शुक्रवारी गावात पाणी येतंय. चौकात नळ सोडायचा अन् तिथंच स्टेजवर तू माझी दाढी करायची. साध्या ब्लेडनं न्हाई. बद्रीनाथ तात्यांच्या वस्तऱ्यानं. तात्यांचा शब्द माझ्या तोंडावर पुरा होईल. लोकं रडतेत का न्हाई बघ."

मामा चाटच पडला. "आबा, पर पाणी हाय कुठं?"

"टाकीत टँकर रिकामे करतोत की. नळ जरा वेळ चालला, फोटो निघाला, तहसीलच्या सायबानं सही केली, की योजना पुरी."

"अन् सरकारी टँकर?"

"योजना पुरी झाल्यावर टँकर कावून देतेल? बंद होईल. पावसाळा काय लई लांब हाय का?"

पावसाळा लांब होता. आणि आला असता तरी कुणी सांगावं? मागच्या दोन वर्षी तो आलाच नव्हता.

"गाळा संस्थेचा हाय, ध्यानात ठेव," आबा उठता उठता म्हणाले.

घरी मामीला कळलं आणि तिचा पट्टा सुटला. विमलमामीचं तोंड गावात प्रसिद्ध आहे.

"आडात न्हाई अन् पोहऱ्यात येतंय व्हय? अवो, तुमचा वस्तरा त्याच्या तोंडावर फिरला की टँकर गेला. मग हंडा घेऊन रानोमाळ कोन हिंडंल? तुमी का तुमचा आबा?"

"दाढी हाय ती, विमल. दाढीनं पाणी येत न्हाई अन् जात बी न्हाई."

"मंग करा. गावाच्या तोंडाला काळं फासा अन् वरून पावडर लावा."

मामा चिडून निघून गेला. माणूस वाईट नाही हो. पण गाळा गेला तर खायचं काय, हा घोर त्याला लागला होता.

सोमवार उजाडला. सोमवारी सलून बंद असतं. मामानं शटर अर्धं खाली ओढलं आणि आत बसला. बाहेर ऊन असं, की कुत्रं सुद्धा चौकात दिसत नव्हतं.

त्यानं फडकं सोडलं.

वस्तरा लालबुंद गंजला होता. पात्यावर पापुद्रे आले होते. मूठ मात्र शिंगाची, काळी, चांगली राहिली होती.

मामानं तोंडाला गमछा बांधला, गंजावर तेलाचा बोळा फिरवला, मशीन चालू केलं. घुर्र... ब्रश फिरू लागला. लाल भुकटी कागदावर पडत गेली. मामा मध्येच थांबून पातं बोटाला लावून बघायचा. तापलं नाही ना? नाही. पुन्हा घुर्र.

खालून पोलाद दिसायला लागलं. अस्सल माल. पार जुना, जाड पाठीचा. मामा सगळं विसरला. आबा, टँकर, मामीचे टोमणे, काही डोक्यात राहिलं नाही. ब्रश काढून त्यानं नमद्याची चकती लावली. पातं चमकू लागलं. मग दगडावर घासलं, आणि शेवटी कातडी पट्टा खिळ्याला अडकवून त्यावर वस्तरा फिरवला.

सप... सप... सप...

धार आली.

मुठीजवळ थोडा गंज राहिला होता. तेवढा काढावा म्हणून मामानं परत मशीन लावलं.

आणि लाईट गेली.

मशीन थांबलं, पंखा थांबला. एकदम शांत.

पण...

खर्र... खर्र...

मामानं मशीनकडं बघितलं. ब्रश जागचा हललेला नव्हता.

खर्र... खर्र...

उंदीर असेल म्हणावं तर मामाचं मन मानेना. सगळा जन्म ज्यानं दाढ्यांवरून हात फिरवला, त्याला तो आवाज कळणार नाही? कुणीतरी राठ, भरघोस दाढीवरून तळहात फिरवत होतं. सावकाश. आपली पाळी यायची वाट बघणारा माणूस फिरवतो तसा.

"कोन हाय?" मामा म्हणाला.

आवाज थांबला.

मग बेसिनकडून आला... कुर्र... कुर्र...

नळावरचा टॉवेल खाली पडलेला. नळाची चाबी पूर्ण उघडलेली. नळ कोरडा ठाक.

मामानं चाबी बंद केली, टॉवेल उचलून वर टाकला. मागं वळला.

कुर्र...

टॉवेल खाली. नळ उघडा.

आता मामाला राग आला. आमच्या घराण्यात भीतीच्या आधी राग येतो. "कोन हाय बे? समोर ये! न्हाव्याच्या दुकानात येऊन चेष्टा करायलास? हातात वस्तरा हाय माझ्या!"

त्यानं पडद्यामागं बघितलं, बाकाखाली बघितलं. शटरखाली वाकून चौक बघितला. कुणी नाही. नुसतं ऊन.

आणि मागं खुर्चीची गादी दबली... फुस्स...

खुर्ची हळूच आरशाकडं वळली. मानेमागची उशी वर सरकली. एक खाच. टक. अजून एक खाच. टक.

तेवढ्या वर ती उशी कधीच जात नसे. गावात तेवढं उंच माणूस उरलंच नव्हतं.

मामा मला नंतर म्हणाला, "भाच्या, खोटं कशाला बोलू? मी तवा मेलतो. निस्ता उभा होतो म्हनून जिता म्हनायचं."

पण हाताची सवय वाईट. खुर्चीत कुणी बसलं की न्हाव्याचा हात कापडाकडं जातो. मामाच्या हातानं खुंटीवरचं पांढरं कापड ओढलं, झटकलं आणि खुर्चीवर टाकलं.

कापड खाली पडलं नाही.

ते खांद्यावर बसलं. छातीपाशी फुगलं. खाली दोन गुडघ्यांवरून घसरून लोंबत राहिलं.

वर डोकं नव्हतं. आरशात सुद्धा नुसतं कापड होतं.

कुर्र... बेसिनचा नळ पुन्हा हलला.

तेव्हा मामाला कळलं. हा माणूस छळायला आलेला नव्हता. ह्याला बोलावणं आलं होतं. धार लागली म्हणजे पाणी आलं, ह्या भरवशावर तो येऊन बसला होता. आणि राहून राहून नळ बघत होता.

मामाला रडू फुटलं. भीतीनं नाही. बोलावणं धाडणारा तो स्वतःच होता.

"न्हाई आलं, तात्या," मामा म्हणाला. "पाणी न्हाई आलं. माझी चूक झाली. मी उगंच धार लावली."

कापड हललं नाही.

"टँकरचं पाणी हाय ते, तात्या. खोटं हाय. शुक्रवारी फोटो काढनार, अन् मंग गावाचा टँकर बंद करनार. तुमच्या नावानं करायलेत सगळं. उठा तुमी. जावा. आजून येळ हाय."

कापड तसंच. श्वास घ्यावा तसं छातीपाशी वर-खाली होत होतं.

मग मामाचं टाळकंच सरकलं. "उठा म्हन्लं ना! मेल्यावर तरी कुनाच्या शब्दावर भरोसा ठिवू नका! संस्थेचा कारभार म्हंजे न्हाव्याचा उकिरडा, जितका उकरावा तितके केसच निघतेत!"

लाईट आली. टेबलावरचं मशीन घुर्र करून फिरायला लागलं आणि मामा दचकून मागं आदळला.

परत बघितलं तर कापड गादीवर चपट पडलेलं.

उशी मात्र वरच राहिली होती.

घरी येऊन मामानं अंथरूण धरलं. अंग तापलं होतं. मामीनं सगळं ऐकून घेतलं. एरवी ती मध्ये बोलल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "मेलेला मानूस खरं पाणी मागायलाय. अन् जित्याला फोटो पायजे. घाबरायचं कुनाला, ते ठरवा."

दुसऱ्या दिवशी मामा तापातच उठला आणि आबांकडं गेला. म्हणाला, माझ्यानं होणार नाही.

आबा हसले. "नको करू. गेवराईहून दुसरा न्हावी आणतो. वस्तरा तेवढा ठिवून जा. गाळ्याची चावी बी."

मामा उंबऱ्यात उभा राहिला. वस्तरा दुसऱ्याच्या हातात? त्या परक्या न्हाव्याला काय ठाऊक, खुर्चीत कोण येऊन बसणार ते?

"ऱ्हाऊ द्या, आबा," मामा म्हणाला. "मीच करतो."

शुक्रवार. चौकात मांडव, हार, लाउडस्पीकर. तहसीलचे साहेब पुढच्या खुर्चीत. बाया हंडे घेऊन सकाळपासून नळापुढं रांगेत. सगळ्यात पुढं भामाबाई, तात्यांची सून. तिला कुणी स्टेजवर बोलावलं नव्हतं.

नारळ फुटला. आबांनी चाबी फिरवली. नळातून धोधो पाणी आलं आणि मांडवात टाळ्या वाजल्या. काही बायांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. तो क्षण फार वाईट होता, असं मामा अजून म्हणतो. माणसं इतकी तहानलेली होती, की खोट्यावर सुद्धा जीव टाकत होती.

आबा खुर्चीत बसले. मामानं कापड बांधलं. बन्सी नावाचा संस्थेचा शिपाई नळ बंद करायला वाकला.

मामानं माईक हातात घेतला.

"नळ बंद करू नको, बन्सी."

मामा मांडवाकडं वळला.

"खरं पाणी असंल तर चालू ऱ्हाऊ द्या. बायांनो, हंडे लावा. गावातला सगळ्यात शेवटचा हंडा भरंपर्यंत नळ चालू द्या. भरला, की मी आबांची दाढी करतो. अन् आबांच्या पायावर डोकं ठिवतो."

कापडाखालून आबा फुसफुसले, "शहाद्या, माईक ठिव! तुझी हजामत करीन!"

बायांना काय, तेवढंच हवं होतं. हंडे, कळशा, घागरी, डबे, जे हाताला येईल ते नळाखाली येऊ लागलं. आबांनी बन्सीला डोळ्यानं खुणावलं. बन्सी गर्दीत घुसला, चाबीला हात घातला.

चाबी फिरेना.

त्यानं दोन्ही हातांनी जोर लावला. पाना आणून लावला. चाबी फिरली... पण उलटी. नळ होता त्याहून जास्त उघडला.

बन्सीचा चेहरा पांढराफटक पडला. तो पुढं कैक दिवस सांगायचा, "पलीकडून कुनीतरी फिरवत व्हतं. देवाशप्पथ. माझ्यापरीस लई ताकदीचं."

पाणी वाहत राहिलं. पन्नास-साठ हंडे भरले असतील नसतील.

मग नळ खोकला.

खक्... खक्... फुस्स...

हवा आली. मग थेंब. मग काहीच नाही.

भामाबाई रिकामी घागर घेऊन उभी राहिली. तिचा आवाज माईकशिवाय सगळ्या मांडवात गेला. "का ओ आबा? गावाची तर बिनपान्यानं केलीच. आता तुमची बी बिनपान्यानंच का?"

कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळा मांडव हसायला लागला. घशाला कोरड असताना माणसं हसली, हे मी ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

आणि मग लाउडस्पीकरवर आवाज आला.

खर्र... खर्र... खर्र...

हसू तुटलं. दाढी खाजवण्याचा आवाज. इतका मोठा, की शेवटच्या रांगेतली पोरं रडायला लागली. सगळ्यांच्या माना आबांकडं वळल्या. आबांचे दोन्ही हात कापडाखाली होते, आणि ते कापड मामानं मागून गच्च बांधलेलं होतं.

माईक मामानं मघाशीच परत स्टँडवर ठेवला होता. त्याच्याजवळ कुणी नव्हतं.

मामानं वस्तरा उघडला, उन्हात एकदा सगळ्यांना दाखवला आणि मिटला.

"पाणी न्हाई," तो म्हणाला. "दाढी न्हाई."

आणि स्टेज उतरून घरी गेला.

साहेब सही न करता गाडीत बसले. सरकारी टँकर चालू राहिला. दुसऱ्या दिवशी मामाच्या गाळ्याला संस्थेचं कुलूप पडलं. मामानं खुर्ची उचलून रस्त्याकडेच्या लिंबाखाली मांडली. संस्थेची माणसं दम देत फिरली, शहादेवकडं कुणी जायचं नाही. भामाबाईनं आपली दोन्ही पोरं सकाळीच दाढीला आणून बसवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत तिथंच थांबली. आठवड्यात रांग लागली.

आबांनी पुढं गेवराईत जाऊन गुपचूप दाढी केली. तो न्हावी आमच्या नात्यातला. तो सांगतो, वस्तरा फिरत होता तोवर आबा सारखे मागं वळून विचारायचे, "कोन हाय मागं?"

मागं भिंत होती.

तात्यांचा वस्तरा मामानं परत फडक्यात गुंडाळला. न्हावी हत्यार ठेवताना त्याला तेल लावतो. मामानं लावलं नाही. "गंज चढू दे," म्हणाला. "त्यांना परत फुकट यायला नको."

इथं गोष्ट संपायला हवी होती.

गेल्या दिवाळीत मी गावी गेलो आणि मामाला बघून दारातच थांबलो. मामाला दाढी. पांढरी, छातीला टेकलेली. जन्मभर दुसऱ्यांचे गाल गुळगुळीत करणारा माणूस! गिऱ्हाइकं चेष्टा करतात, "न्हाव्याच्याच तोंडावर जंगल वाढलं की रं!" मामा हसतो आणि साबण लावत राहतो.

गावाच्या नळाला अजून पाणी नाही. पाऊस बरा झाला की टँकर थांबतो, नाही झाला की सुरू होतो. संस्था आहे. कमानीला नवा रंग दिलाय.

"मामा, काढ ना ती," मी म्हणालो. "तू कशाला शपथ घेतलीस?"

"एकटं बसून वाट बघायला लई वंगाळ वाटत आसंल रं तात्यास्नी," मामा म्हणाला.

मग त्यानं आतून एक वस्तरा आणला. त्याचा स्वतःचा, रोजच्या हातातला, आजोबांनी दिलेला. तो त्यानं माझ्या तळहातावर ठेवला.

"तात्यांची करायला मी हाय. माझी करायला कोन हाय? माझी पोरं न्हाईत. पाणी आलं अन् मी नसलो, तर मी येऊन बसंन. तवा कुनीतरी पायजे."

मी पुण्यात कंपनीत काम करतो. घराण्यात मी एकटाच असा, ज्यानं वस्तरा कधी हातात धरला नाही. तसं मी म्हणालो.

"मंग शिक," मामा म्हणाला.

हो-नाही करण्यासारखं त्याच्या तोंडावर काही दिसेना. मी वस्तरा घेऊन आलो.

आता रविवारी दुपारी, खोलीत कुणी नसताना, मी शिकतो. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस लावायचा आणि फुगा न फोडता फेस काढायचा. नवे कारागीर असंच शिकतात. सुरुवातीला सगळे फुगे फुटले. शेजारी विचारायला लागले, वाढदिवस कुणाचा आहे?

परवाच्या रविवारी फुगा फुटणारच होता. वस्तरा उभा पडला होता, मला कळत होतं, पण हात थांबेना.

आणि कुणीतरी माझं मनगट धरलं.

खोलीचं दार आतून लावलेलं होतं. मामा गावी होता, मी नंतर फोन करून विचारलं. धरलेला हात म्हाताऱ्या माणसाचा होता. कोरडा, हलका, न्हाव्याच्या सरावाचा. त्यानं मनगट जरा वळवलं, वस्तरा आडवा केला आणि सोडून दिलं. मी वळून बघितलं नाही. वळून बघायची छाती झाली नाही.

कोण होतं ते मला माहीत नाही. पण त्यानं धरून दाखवला तसाच मी आता वस्तरा धरतो. तसा धरला की फुगा फुटत नाही.